पहिली मोटारसायकल : पाय पुरेल तीच घ्या

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी बोलतो. या वेळी विषय निराळा आहे. दिवाळीचा हप्ता जमा झाला, की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोराला मोटारसायकल घ्यायचीये. कोणती घ्यावी?" त्याला तोंडी उत्तरे देऊन झाली. या दिवाळीत तर हा प्रश्न आमच्याच घरात आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने मोटारसायकलवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण शेतकी खात्याच्या माणसाचे निम्मे आयुष्य मोटारसायकलवर जाते. आणि या बाबतीत मी एक मोठी चूक केलेली आहे. तीही आज सांगणार आहे.

भाऊबिजेला कल्याणला आक्काकडे गेलो होतो. आपल्या भागातील कितीतरी घरांची एक फांदी कल्याण-डोंबिवलीकडे गेलेली आहे. आपला भाजीपाला माळशेज उतरून कल्याणच्या बाजार समितीत जातो, आणि आपली मुलेही त्याच रस्त्याने नोकरीला जातात. दाजी तिकडेच नोकरीला, पण गावाकडे दीड एकर ऊस आहे आणि ते आपल्या कारखान्याचे सभासद आहेत. भाचा एकवीस वर्षांचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत नुकताच लागला आहे. फराळ झाल्याबरोबर त्याने मोबाईलवर एका गाडीचे चित्र दाखवले. साडेतीनशे सीसी, दणकट.

"मामा, घ्यायची तर एकदाच दमदार घ्यायची. आता जीएसटी पण कमी झालाय."

म्हटले, "चालवायला येते का?"

"मित्राची दोन-चार वेळा चालवलीय."

"आणि लायसन?"

"काढायचंय. लर्निंगचा फॉर्म भरतोय."

दाजी म्हणाले, "उसाचे पैसे आलेत. तीस हजार रोख भरू, बाकीचे कर्ज काढू. पोरगं कमावतंय, फेडील." आक्का मात्र आतून म्हणाली, "तू सांग रे याला. हा रात्रपाळीला त्या गाडीवर जाणार आणि मी दारात बसून राहणार."

कर कमी झाला हे भाच्याचे म्हणणे खरे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पण कर उतरला म्हणून गाडीचे वजन उतरत नाही. तेव्हा मी त्याला माझी हकीकत सांगितली.

माझी चूक

२००३ साली मी कृषी पदविका घेऊन नव्याने नोकरीस लागलो. ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरायचे, म्हणून गाडी घेणे भाग होते. सहकारी म्हणाले, "शंभर सीसीवर साहेब शोभत नाही." मग एक जुनी, जड, उंच सीटची गाडी घेतली. माझी उंची बेताची. गाडीवर बसलो की फक्त चवड्यांवर टेकत असे. सरळ रस्त्याला काही अडचण वाटली नाही.

एके दिवशी एक वयस्क सभासद प्लॉट दाखवायला मागे बसले होते. पाटाच्या कडेची वाट, शेजारच्या रानात नुकतेच पाणी दिलेले. समोरून बैलगाडी आली म्हणून थांबलो आणि डावा पाय टाकला. त्या बाजूला वाट खचलेली होती. पाय खाली गेला, पण जमीन लागेना. गाडी कलली आणि मला ती पेलली नाही. आमचा वेग म्हणाल तर चालत्या माणसाइतका असेल. मी बाजूला पडलो, मात्र त्या सभासदांचा घोटा गाडीखाली मोडला. ऐन तोडणीच्या दिवसांत ते दोन महिने खाटेवर होते. त्यांच्या फडावर टोळी आली तेव्हा त्यांची घरधनीण आणि शाळेतला मुलगा उभे राहून ऊस भरत होते, आणि मी चिठ्ठी घेऊन तेथे उभा होतो. भेटायला गेलो तर ते एवढेच म्हणाले, "साहेब, गाडी वाईट नव्हती. तुमचा पाय पुरत नव्हता."

बावीस वर्षे झाली, पण ते वाक्य अजून विसरलो नाही. पहिल्या गाडीच्या निवडीत इतर सर्व गोष्टी त्या वाक्यानंतर येतात.

जमीन पाहून वाण

आपण बेणे निवडताना काय पाहतो? शेजाऱ्याच्या रानात को ८६०३२ चांगला आला, म्हणून तो आपल्याकडे तसाच येईल असे धरून चालत नाही. चोपण जमिनीत फुले २६५ तग धरतो, म्हणून तेथे तो लावतो. आधी जमीन पाहायची, मग वाण ठरवायचा. मोटारसायकलीत चालवणारा माणूस ही जमीन आहे. त्याची उंची, ताकद, सवय आणि रोजचा रस्ता पाहावा. वाण त्यानंतर.

पूर्वी निवडीला फारसा वाव नव्हता. कल्याणहून माळशेज चढून येणारा रस्ता पुढे ज्या नगरला जातो (२०२४ पासून अहिल्यानगर), तेथील कायनेटिकच्या कारखान्यातली लुना १९७२ साली बाजारात आली आणि गावोगावच्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी तीवर संसार ओढला. ज्याला मोठी गाडी हवी त्याच्यापुढे राजदूत, येझदी आणि बुलेट. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि थोड्या पेट्रोलवर खूप चालणारी हलकी गाडी घरोघर गेली. १९९४ ला स्प्लेंडर, २००१ ला बजाजची पल्सर. आज शोरूममध्ये ओळीने गाड्या उभ्या असतात, आणि नवशिक्या पोरगा रंग आणि आवाज पाहून बोट दाखवतो.

वजनाचा हिशोब पाहा. शंभर सीसीची स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची. साडेतीनशेची बुलेट सुमारे १९५ किलोची. फरक ८० किलोच्या वर, म्हणजे युरियाच्या जवळजवळ दोन गोण्या. सरावलेल्या माणसाला हे वजन जाणवत नाही आणि त्या गाडीत काही खोट नाही. पण नवीन माणूस पडतो तो बहुधा कमी वेगात : वळताना, थांबताना, खड्डा चुकवताना. तेव्हा गाडी तोलायची ती पायांनी आणि कमरेनेच.

शोरूममध्ये काय पाहावे

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे शोरूममध्ये गेलो. मी भाच्याला चार गोष्टी करायला लावल्या. आपणही मुलाला किंवा मुलीला त्याच करायला लावाव्यात.

पहिली : सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत. टाचा पूर्ण टेकल्या तर उत्तम. नुसता अंगठा टेकत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. रस्ता शोरूमच्या फरशीसारखा सपाट नसतो.

दुसरी : गाडी बंद ठेवून, बसल्या बसल्या पायांनी दहा पावले मागे न्यावी. मग खाली उतरून मधल्या स्टँडवर लावावी. भाच्याने साडेतीनशेची गाडी मागे नेताना दोनदा माझ्याकडे पाहिले. मी हात लावला नाही.

तिसरी : क्लच आणि पुढच्या ब्रेकचा दांडा बोटांत नीट येतो का ते पाहावे. हात लहान असेल तर क्लच अर्धाच दाबला जातो आणि गर्दीत गाडी उडी मारते.

चौथी : मागे बसणाऱ्या माणसाला बसवून पाहावे. आम्ही आक्काला बरोबर नेले होते. ती एका अंगाने बसते. मागची धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि साडीगार्ड ही तिच्या जिवाची साधने आहेत. गाडी बांधेसूद दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकणारी मुले मी पाहिली आहेत. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर पुढचे सांगायला नको.

यानंतर ब्रेक. २०१९ पासूनच्या नियमाने १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस असते. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस असते, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पुष्कळ लोक पुढच्या ब्रेकला भिऊन मागच्यावरच गाडी थांबवतात. हे चूक आहे. ब्रेक लावताना वजन पुढे येते, म्हणून कोरड्या डांबरीवर थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या चाकात असते. दोन्ही ब्रेक एकदम, दाब वाढवत लावावेत. चिखलात, खडीवर मात्र पुढचा ब्रेक हलक्या हाताने, आणि हँडल वळलेले असताना तर अजिबात झटक्याने नको.

रस्ता कोणता?

भाच्याचा रोजचा रस्ता कल्याण ते डोंबिवली. पत्री पुलावरची गर्दी, रिक्षा, बस आणि पावसाळ्यात खड्डे. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे दुचाकीवरून पडून माणसे दगावली, हे वर्तमानपत्रांत आपण वाचले असेल. अशा रस्त्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालणारी, हलकी, चटकन वळणारी गाडी बरी. मोठ्या गाडीचा जोर तेथे वापरायला जागाच नाही.

त्याचा दुसरा रस्ता म्हणजे गावचा : शहाड, म्हारळ, रायते, मुरबाड आणि पुढे माळशेज. जत्रेला, पेरणीला, आजी आजारी पडली म्हणून ही मुले रात्री-अपरात्री गाडी काढतात. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी दोन माणसे घेऊन घाट आरामात चढते, फक्त घाई करू नये. उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवावी. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर घाट उतरणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे. ब्रेक तापले की पकडत नाहीत. आणि पहिल्या पावसाळ्यात नवशिक्याने माळशेजला गाडी नेऊ नये. धुके, निसरडे आणि वरून येणारे दगड यांच्यासाठी एसटी आहे.

जुनी गाडी घ्यावी का?

शिकण्यासाठी जुनी हलकी गाडी वाईट नाही. पडली, खरचटली तरी जीव हळहळत नाही. पण घेताना डोळे उघडे ठेवावेत. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, ते पाहावे. कल्याण, बदलापूर भागातली, एमएच ०५ पासिंगची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. तो भाग २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ ला पुराखाली गेला होता. पाण्यात बुडालेली गाडी वरून पुसून चकाचक करता येते. सीट काढून खालचा गंज, हेडलाईटच्या आतला गाळ आणि वायरींचे जोड पाहावेत.

नावावर करून घेण्याचे काम उद्यावर टाकू नये. फॉर्म २९ आणि ३० भरून, सही करून, आरटीओत नोंद होईपर्यंत कागदोपत्री मालक जुनाच राहतो आणि अपघात झाला तर जबाबदारीही त्याच्यावर येते. आपण गाडी विकत असाल तर हे अधिक लक्षात ठेवावे.

उसाचे पैसे आणि हप्ता

किमतीच्या पाटीवरचा आकडा हा अर्धाच हिशोब आहे. आरटीओचा कर, विमा, नंबर प्लेट धरून रस्त्यावर येईपर्यंतची रक्कम विचारावी. कर्ज काढायचे तर व्याज सरळ की घटत्या शिल्लकेवर, हे तोंडी न विचारता कागदावर लिहून घ्यावे. उदाहरण म्हणून ८०,००० रुपये कर्ज, मुदत ३ वर्षे, दर १० टक्के धरू. सरळ व्याजाने २४,००० रुपये व्याज आणि महिन्याला सुमारे २,८८९ रुपये हप्ता. घटत्या शिल्लकेवर तोच दर असेल तर हप्ता सुमारे २,५८१ आणि व्याज सुमारे १२,९००. दर एकच, फरक अकरा हजारांचा. एवढ्यात दोन चांगली हेल्मेट, रेनकोट आणि वर्षाचे सर्व्हिसिंग होते.

पेट्रोलविषयी एक शब्द, कारण त्यात आपला ऊस आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यातले बरेच इथेनॉल साखर कारखान्यांतून जाते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, म्हणून ॲव्हरेज थोडे कमी पडते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या इंधनाला धरून बनवलेले आहेत. त्याआधीची गाडी घ्याल तर रबरी नळ्या मेकॅनिककडून पाहून घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून गाडी पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये.

कागद आणि डोके

गिअरच्या मोटारसायकलीस वय १८ पूर्ण लागते. लर्निंग लायसन सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीला 'एल' लावावा आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवू नये. दहावी-अकरावीच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकांनी हे वाचावे : २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकास किंवा मालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. तो दुसऱ्याचे नुकसान भरून देतो. मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो. तो उतरवावा आणि त्यात वारसाचे नाव घालावे. लायसन नसेल तर तो मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. हेल्मेट आयएसआय खुणेचे, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, पट्टा आवळून. नव्या गाडीबरोबर हेल्मेट देण्याची तरतूद नियमांत आहे. ते मागून घ्यावे.

आता आपल्याच दारातली गोष्ट. गळिताच्या दिवसांत रात्री रस्त्यावर आपल्या ट्रॉल्या असतात. ताशी ६० च्या वेगाने मोटारसायकल एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. समोर बिनदिव्याची ट्रॉली आहे हे उमजून ब्रेक लागेपर्यंत नवशिक्याचे पंचवीस मीटर सहज गेलेले असतात, आणि डिपरचा उजेड फार लांब पोचत नाही. म्हणून नव्या चालकाने रात्री चाळिसाच्या आत राहावे. आणि ट्रॉलीवाल्या सभासदांनी मागे रिफ्लेक्टर लावावा, लोंबणाऱ्या उसाने तो झाकू देऊ नये. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यात सोडून जाऊ नये आणि टेकणाचे दगड मागे ठेवून जाऊ नयेत. ट्रॉलीही आपली आहे आणि मागून येणारा पोरगाही आपल्यातल्याच कोणाचा तरी आहे.

भाच्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्याने शोरूममध्ये त्या मोठ्या गाडीवरून उतरून सव्वाशे सीसीची गाडी धरली. मनातून थोडा हिरमुसला होता. म्हणाला, "मामा, दोन वर्षांनी मात्र ती घेणार." म्हटले, "खुशाल घे. तेव्हा मी आडवा येणार नाही." लर्निंग लायसन निघाल्यावर महिनाभर सकाळी सहाला दाजींना मागे बसवून मोकळ्या रस्त्याला शिकला. दाजींकडे जुने लायसन होते, ते कामी आले. पक्के लायसन हाती आल्यावरच तो एकटा कामावर जाऊ लागला.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, काल मुरबाडपर्यंत जाऊन आलो. म्हारळजवळ खडीवर मागचं चाक सरकलं."

माझ्या पोटात गोळा आला. "मग?"

"काही नाही. हळू होतो. पाय टेकला."

सभासद बंधू-भगिनींनी गाडीचे बुकिंग करण्याआधी मुलाला घेऊन शोरूममध्ये जावे, त्या चार गोष्टी करून पाहाव्यात आणि मगच उसाचे पैसे खर्च करावेत, ही विनंती. ज्यांना कर्जाचा किंवा कागदांचा हिशोब तपासून घ्यायचा असेल, त्यांनी सोमवारी गट ऑफिसात यावे. लागवडीचे बोलणे झाले की तेही पाहू.